माळावरची खोटी पहाट

धुळा कोळेकरला माळ सोडावा लागला तो दुष्काळानं नाही आणि लांडग्यानंही नाही. तो एका झुडपानं सोडायला लावला. लोक त्याला गाजरगवत म्हणतात, पण ते ना गाजर, ना गवत. परदेशी धान्याबरोबर आलं, रस्त्याच्या कडेकडेनं पसरत माणदेशात शिरलं आणि चिलारवाडीच्या माळावर त्यानं असा ठिय्या दिला, की पवना आणि मारवेल या जुन्या गवतांना पाय टेकायला जागा उरली नाही. मेंढरं त्याला तोंड लावत नसत. हिरव्यागार माळावर ती उपाशी फिरत.

धुळाच्या ते अंगावर उठलं. आधी पापण्या सुजल्या, मग मानेच्या घड्या, मग कोपरांच्या आतली कातडी. पांढऱ्या फुलांचा हंगाम आला की वाऱ्यावरचे कण नुसते लागले तरी अंगाची आग व्हायची, कातडी फुटायची, पाणी गळायचं. चाळिशीही न गाठलेला माणूस, पण चेहरा असा रापून जाड झाला की बाजारात अनोळखी लोक त्याला ‘म्हातारबा’ म्हणू लागले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मलमं दिली, गोळ्या दिल्या आणि शेवटी खरं ते सांगून टाकलं : "औषधानं मी हे दाबून ठेवीन. बरं व्हायचं असेल तर तुम्ही तिथं राहू नका."

माळ सोडून धनगरानं राहायचं कुठं? वाट काढली ती त्याच्या धाकट्या बहिणीनं. वैजयंता पुण्यातल्या एका संशोधन केंद्रात होती. बाहेरून आलेल्या वनस्पती आपल्या रानात घुसून काय काय करतात, हाच तिचा अभ्यास. कोकणातल्या धो धो पावसात, खाऱ्या वाऱ्यात गाजरगवत फारसं मूळ धरत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं धुळाला रत्नागिरीला नेलं आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात चिकटवून दिलं. बर्फाच्या लाद्या ओढताना अंगाला गारवा लागायचा, कातडी शांत व्हायची. पण समोर बघावं तर पाणी. एवढी मोठी मोकळी जागा, आणि तिच्यावर चरायला काही सोडता येत नाही, याचं त्याला रोज नवल वाटायचं.

गावी मेंढरं त्याची बायको सुमल सांभाळायची. दर रविवारी ती मोबाइलवर तोंड दाखवायची. दोन शब्द झाले की धुळा म्हणायचा, "जरा मोबाइल खाली धर. मेंढरं दाव."

"माजं त्वांड नगं व्हय बघायला?" सुमल चिडायची, पण मोबाइल खाली धरायची.

एका उन्हाळ्यात वैजयंता न सांगता रत्नागिरीला आली. जेट्टीच्या कठड्यावर भावाशेजारी बसली आणि म्हणाली, "आण्णा, गाजरगवताचं बी मारायची युक्ती सापडली."

"बी कशाला? झाडं उपटली की झालं की."

"किती साल उपटलीस? संपली का?"

धुळानं आपल्या हातांकडं बघितलं. उपटून उपटून तर त्याच्या हातांची ही दशा झाली होती.

"एक झाड हजारोंनी बी टाकतं," वैजयंता सांगू लागली. ती सांगायला लागली की हात हलवत सांगायची, लहानपणापासूनची सवय. "आणि बी एवढं बारीक, की त्याच्या पोटात शिदोरी ती केवढी असणार? अर्धं बोट वर येण्यापुरतीच. म्हणून ते हुशारी करतं. मातीत खोल गेलं तर उगवतच नाही. झोपून राहतं. वर्षानुवर्षं. मेंढराच्या खुरानं माती उलटली, नांगर फिरला, उजेड दिसला, की मग उठतं."

"बियाला उजेड दिसतो?"

"दिसतो म्हणजे, बियाच्या आत एक प्रथिन असतं. उजेड पडला की त्याचा आकार बदलतो, आणि बियाला सांगावा जातो : तू वर आहेस, ऊठ. आम्ही काय केलं, एक रेणू बनवला. तो त्या प्रथिनात कुलपात किल्ली बसावी तसा बसतो आणि उजेड नसतानाच उजेडाचा सांगावा देतो. पाऊस सरता सरता, माती ओली असताना फवारायचं. औषध हातभर खाली मुरतं. तिथं मिट्ट काळोखात झोपलेल्या बियांना वाटतं पहाट झाली. सगळी एकदम उठतात. वर यायला निघतात, शिदोरी वाटेतच संपते, आणि संपतात. पुढच्या पावसाला उगवायला मातीत काही शिल्लकच राहत नाही."

धुळानं विचार केला. मग त्याला हसू आलं. "खोटी पहाट दावून फसवायचं म्हण की."

"प्रयोगशाळेत सगळे त्याला पहाटच म्हणतात."

आपल्या शेताच्या एका तुकड्यावर तिनं दोन वर्षं ते करून पाहिलं होतं. तुकडा स्वच्छ झाला होता आणि मारवेल आपोआप परत आली होती. सरकारनं आता सबंध तालुका हाती घेतला होता. परतीचा पाऊस ओसरला की ड्रोन उडणार होते, आणि सुरुवात चिलारवाडीच्या माळापासून. वैजयंतानंच तसं मागून घेतलं होतं. का, ते भावाला सांगायची गरज नव्हती.

त्या दिवाळीच्या आधी धुळानं कारखान्याचा निरोप घेतला आणि तो गावी आला. तोंडाला फडकं, पूर्ण बाह्या, हातात मोजे. सुमल त्याला बघून हसली आणि मग पदरानं डोळे टिपायला लागली. माळाच्या पायथ्याला, शाळेच्या पटांगणात ड्रोन मांडून ठेवलेले होते. संशोधन केंद्राचे संचालक डॉ. परुळेकर पुण्याहून स्वतः आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायचं होतं.

वैजयंता संध्याकाळच्या सुमारास आली. गाडीतून उतरली ती कुणाशी न बोलता थेट परुळेकरांकडे गेली. धुळा पलीकडे पिंपाला टेकून बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"सर, उद्या फवारणी करता येणार नाही."

"काय झालं? हवामान तर स्वच्छ आहे."

"वरच्या माळाच्या मातीचे नमुने पावसामुळे मला शेवटी मिळाले. औषध घालून अंधारात ठेवले. गाजरगवत उठलं, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही उठलं. काही रोपं उजेडात काढून वाढवली, जनुकं तपासली. सर, ती माळसोनकी आहे. जगात फक्त याच माळावर फुलायची, ती."

"माळसोनकी गेली असं तुम्हीच तुमच्या अहवालात लिहिलं होतं ना?"

"चूक होती ती. आठ वर्षं शोधूनही एक झाड सापडलं नाही म्हणून गेली असं धरलं. ती मातीत झोपलेली आहे. गाजरगवताच्याच कुळातली, तसंच बारीक बी, आणि उजेड ओळखणारं प्रथिनही जवळजवळ तेच. आपली किल्ली तिलाही लागते. उद्या फवारलं तर तीही सगळी एकदम उठेल आणि मातीतच मरेल. वर एकही झाड उभं नाही, पुन्हा बी टाकायला."

"मग वरचा माळ सोडून खालचा करू."

"खालच्या नमुन्यांत विरळ आहे, पण आहे. मेंढरांच्या पायांनी, पाण्यानं ती कुठं कुठं गेलीय हे मला अजून माहीत नाही. ठाऊक नसताना मी सही करणार नाही."

परुळेकर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "वैजयंता, मंत्र्यांना तारीख दिलीय. या तालुक्यात किती लोकांच्या अंगावर हे उठतं, किती मुलांना दमा आहे, हे तुम्हीच मला आकड्यांनिशी दाखवलं होतंत. एका फुलासाठी हे थांबवलंत तर तुम्हाला या कामावर ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

"हो सर," वैजयंता म्हणाली. "पण माझी सही नसेल."

धुळा उठून पुढं आला. तोंडावरचं फडकं त्यानं खाली ओढलं.

"वैजा, ते फूल तू कधी बघितलंस?"

"लहानपणी. नीट आठवत न्हाई."

"मला बी आठवत न्हाई. कुणाला आठवत न्हाई अशा फुलापायी मी पुन्ना बर्फ ओढाय जाऊ?"

"आण्णा, गाजरगवत मला पुढल्या साली बी मारता यील. त्याच्या पुढल्या साली बी. हे एकदा गेलं की परत करता यायचं न्हाई. मलाच न्हाई, कुणालाच न्हाई."

"आन माजी सालं? ती परत करता येत्यात व्हय?"

वैजयंता तशीच भावासमोर उभी राहिली, नजर न चुकवता, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं. पण तिनं सही केली नाही.

फवारणी थांबली, आणि धुळा रत्नागिरीला परत गेला. कारखान्यानं त्याला पुन्हा ठेवून घेतलं. बहिणीचा फोन आला की तो मोबाइल पालथा घालून ठेवायचा.

बातम्या मात्र येतच राहिल्या. कुठल्याशा वर्तमानपत्रानं ‘माणसापेक्षा फूल मोठं!’ असा मथळा दिला. वैजयंताला त्या कामावरून काढलं. तिनं काय केलं असेल? तिनं आपले सगळे निष्कर्ष, आपल्याच औषधाचा दोष पहिल्या ओळीत मांडून, जगजाहीर केले, म्हणजे तिच्या जागी आलेल्या कुणालाही ते नजरेआड करता येऊ नयेत. मग बिनपगारी रजा घेऊन ती चिलारवाडीला येऊन राहिली.

हे सगळं धुळाला सुमल सांगायची. तो "हं" एवढंच म्हणायचा, पण मोबाइल ठेवायचा नाही.

"वन्संनी जाळीचा मांडव घातलाय," ती सांगायची. "खाली ताटं मांडल्यात, ताटात माती. आन आमी बाया रोज सकाळी माळावर. फूल धरायच्या आधी उपटायचं, वाळवायचं, पुरायचं. सगळ्यांना मोजे दिल्यात, तोंडाला बांधायला दिलंय. कुणाला खाज सुटली की तिला मांडवात बसवत्यात आन तिच्या वाट्याचं स्वतः उपटत्यात."

एका रविवारी सुमल बोलता बोलता अडखळली. मग हळूच म्हणाली, "तुमास्नी सांगू नगा म्हणाल्यात. वन्संच्या हातावर उठलंय. तुमच्यावानीच."

धुळानं मोबाइल ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीत बसलेला होता.

मांडव घराच्या मागं, विहिरीकडेला होता. सगळीकडून बारीक जाळी, आत गार, ओलसर वास. धुळा आत शिरला आणि दारातच थांबला. ताटांच्या रांगांत हिरव्यागार रोपांची दाटी होती, आणि त्यांच्या शेंड्यांना पिवळी फुलं. सदऱ्याच्या गुंडीएवढी, पण इतकी पिवळी, की मांडवात आणखी एक ऊन पडल्यासारखं वाटत होतं.

वैजयंता पाठमोरी होती. पावलं ओळखून ती न वळताच म्हणाली, "ही तीच, आण्णा."

"मेलेली जित्ती कशी केलीस?"

"मेली नव्हतीच. मी वरच्या माळाची माती आणली, ताटात पातळ पसरली आणि तेच औषध मारलं. मातीखाली असती तर मेली असती. इथं बी वरच होतं, जागं झालं की समोर खरंच उजेड. बरोबर उठलेलं गाजरगवत तेवढं वेचून काढलं. ज्यानं मरणार होती, त्यानंच वर आली." ती वळली. थकलेली होती, पण तिचा चेहरा त्या फुलांकडे बघताना असा काही उजळला होता, की धुळाला तिचा लहानपणचा चेहरा आठवला. पहिल्यांदा शाळेत पहिली आली होती तेव्हाचा.

"हात दाव," तो म्हणाला.

तिनं हात मागं घेतले. त्यानं ते ओढून पुढं आणले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल, सुजलेली, भेगाळलेली कातडी. ती आग कशी असते हे या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"एवढी शिकलीस. पुऱ्या बाह्या घालाय येत न्हाईत?"

"उकडतं रे."

"उकडतंय म्हनं!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. "माज्यापायी माळावर गेलीस व्हय गं?"

वैजयंतानं हात सोडवून घेतले नाहीत. "तू विचारलं होतंस, माजी सालं परत करता येत्यात का. न्हाई येत. मग निदान हातानं जेवढं हुईल तेवढं तरी करावं म्हटलं."

धुळानं विहिरीचं गार पाणी आणलं, तिचे हात धुतले, खोबरेल लावलं, मऊ सुती फडकं गुंडाळलं. झाल्यावर म्हणाला, "उद्यापासनं माळावर पाऊल टाकायचं न्हाई. उपटायला बाया हायत. तू तुजं किल्लीचं बघ. ही ताटं मी सांभाळतो. ह्या जाळीत मला काय हुत न्हाई."

"आणि बर्फ?"

"तो काय इतळायचा ऱ्हातोय माज्यासाटी?"

अशी दोन वर्षं गेली. धुळा जाळीच्या आत, वैजयंता पुणे आणि चिलारवाडी यांच्यामध्ये ये-जा करत. प्रयोगशाळेतल्या तिच्या जुन्या सहकाऱ्यांनी तिला दार उघडं ठेवलं होतं. किल्लीचा एक दात बदलायचा, की ती गाजरगवताला लागेल आणि माळसोनकीला लागणार नाही. सांगायला एवढंच, पण बदललेली प्रत्येक किल्ली एक तर दोघींना लागायची, नाहीतर कुणालाच नाही. वैजयंता दर खेपेला नव्या कुपीबरोबर यायची, माती तपासायची, मान हलवायची आणि परत जायची. तिला रागावताना किंवा हात टेकताना धुळानं पाहिलं नाही. एकदा तो म्हणाला, "कटाळा येत न्हाई का गं?" तर म्हणाली, "येतो की. कंटाळा आला की तुज्या ताटांपाशी येऊन बसते."

आणि एका श्रावणात तिनं अंधारातून काढलेल्या ताटात फक्त गाजरगवताचे पांढुरके, लुकडे कोंब होते. माळसोनकी झोपलेलीच होती. वैजयंतानं सबंध माळाची, मग शेजारच्या सगळ्या गावांची माती आणवली. माणदेशात सापडतं असं प्रत्येक बारीक बी त्या औषधातून काढलं. हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे झाल्यावरच तिनं पुण्याला कळवलं.

फवारणीच्या दिवशी डॉ. परुळेकर पुन्हा शाळेच्या पटांगणात होते. धुळाजवळ येऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या बहिणीनं माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस मला दाखवला, कोळेकर. आणि आज मी इथं मान वर करून उभा आहे, तो त्याच दिवसामुळे." मग ड्रोन उठले आणि माळावर धुकं उतरल्यासारखं औषध उतरलं. वरून काहीच घडलेलं दिसलं नाही. जे घडायचं ते पायांखाली, काळोखात घडत होतं.

जादू काही झाली नाही. पुढच्या पावसात रस्त्याकडेनं गाजरगवत डोकावलंच, आणि बायांनी ते फुलायच्या आत उपटलं. अजूनही दर साली उपटावं लागतं. पण माळ मोकळा झाला. पवना उठली, मारवेल पसरली. धुळाच्या मानेवरचे वण गेले नाहीत, पण आग थांबली. रत्नागिरीहून त्यानं आपली वळकटी आणवून घेतली आणि पहिल्या दिवशी मेंढरांमागं उघड्या हातांनी माळ चढला, तेव्हा सुमल वाटभर त्याच्याकडेच बघत चालली.

जाळीतल्या रोपांचं बी त्यांनी वरच्या माळावर पसरलं होतं. पहिल्या साली काही आलं नाही. दुसऱ्या सालीही नाही. वैजयंता म्हणाली, त्याला हवा तसा पाऊस झाला की ते उठेल, आपण घाई करायची नाही. तोवर ती पार विदर्भात गेली होती. तिथल्या जंगलातली मोकळी कुरणं रानतुळस नावाच्या परदेशी झुडपानं गिळायला घेतली होती आणि वनखात्यानं तिलाच बोलावलं होतं.

तिसऱ्या साली परतीचा पाऊस लांबला, आणि सबंध माणदेशात रिमझिमत राहिला. पाऊस उघडल्यावर धुळा मेंढरं घेऊन वर गेला. चढ संपला आणि त्यानं शीळ घालून कळप जागच्या जागी थांबवला. मग मोबाइल काढला.

पलीकडून वैजयंताचा आवाज आला, मागं पाखरांचा कलकलाट. "बोल आण्णा. मेंढरं बरी हायत न्हवं?"

"आली गं."

"काय आली?"

"माळसोनकी. आपली आपण. पार टेकाडापतुर."

पलीकडून वैजयंतानं नाक ओढल्याचा आवाज आला. "मोबाइल खाली धर," ती म्हणाली. "दाव मला."

त्यानं दाखवलं. ती किती तरी वेळ बघत राहिली. मग एकदम घाबरून म्हणाली, "आण्णा, पण मेंढरं? ती कुठं हायत? ती खातील—"

"काळजी करू नगंस," धुळा म्हणाला. "बी झडंस्तवर हिकडं चारत न्हाई. वढ्याच्या अंगानं वळसा घालून निघालोय."